बटणवहिनींचं बोट

रागावलेल्या माणसानं मटार सोलायला बसू नये. वहिनी बसल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या, चांगल्या मजेत होत्या, रेडिओ लावला होता. पण पुतण्यानं येऊन एक जाड गुळगुळीत कार्ड त्यांच्या हातात दिलं, त्यांनी चष्मा वर सारून ते वाचलं, आणि त्यानंतर जी शेंग हाताला लागली तिचे दाणे थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले.

कार्डावर लिहिलं होतं, ‘मास्तरांची खिडकी’. खाली बारीक अक्षरात, ‘प्रसूती वॉर्डातील चाळीस दुर्मिळ छायाचित्रे’. त्याखाली मास्तरांचं पूर्ण नाव, ठळक. मग दिवस, वेळ सकाळी दहा, नगर सभागृह, आणि हॉस्पिटलला पंच्याहत्तर वर्षं झाल्याचा उल्लेख. वहिनींनी कार्ड उलटून पाहिलं. पाठीमागे छापखान्याचा फोन नंबर होता.

“छान झालंय ना, काकू?” पुतण्या म्हणाला.

“तुझा बाप कधी बाळंत झाला होता का रे?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या वॉर्डात तो शिरला कधी? मोठ्या सिस्टर पुरुषाला दाराबाहेरच्या बाकड्यावरसुद्धा टेकू देत नव्हत्या. नवऱ्यांना खाली जिन्यापाशी उभं करायच्या. आणि तुझ्या बापानं आत जाऊन चाळीस फोटो काढले? खिडकीतून उडत गेला होता काय?”

पुतण्या हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करतायत. काकू गंमत करत नव्हत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

वहिनी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा खाली स्टुडिओ आणि वर बिऱ्हाड असा कारभार होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर कुठेच न पोचणारा एक जिना, त्यासमोर नक्षीची खुर्ची, आणि तीन पायांवर उभा लाकडी कॅमेरा. तिथे धाकट्या भावाचं राज्य. “हनुवटी खाली. नजर इकडे. हसू नका, दात दिसतात.” ह्या तीन वाक्यांवर त्यांनी मास्तर ही पदवी मिळवली होती. मागे डार्करूम. तिथे थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा. त्यांना सगळे दादा म्हणत. दिवसभर लाल दिव्याखाली ट्रेमधले कागद हलवायचे, आणि तोंड उघडलं तर उजेड आत शिरून कागद खराब होईल, इतके गप्प.

एके दिवशी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर स्टुडिओत आल्या. बायका बाळंत होऊन घरी जातात, पोर बघता बघता वाढतं, पहिल्या दिवसाचा फोटो मात्र कुणाकडेच नसतो, तर तसे फोटो काढून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. अटी तीन. वॉर्डात पुरुष येणार नाही. फ्लॅश उडणार नाही, एका दिवसाच्या पोराच्या डोळ्यांवर त्यांना तसला उजेड नको होता. आणि कॉट हलणार नाहीत, कॉट खिडकीला टेकलेल्या आहेत त्या तशाच राहतील.

“म्हणजे आंधळ्यानं फोटो काढायचा म्हणा की, सिस्टर,” मास्तर म्हणाले.

“तुमच्या घरात बाई नाही का?” सिस्टरांनी विचारलं.

मास्तरांनी फळीवरून एक लहानसा कॅमेरा काढला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला विसरलेला. काळा-रुपेरी, ओंजळीत मावणारा. भिंगाभोवती खडबडीत काचेचं कडं, त्यात पोळ्यासारखे बारीक दाणे. त्या दाण्यांवर जितका उजेड पडेल तितकी आतली सुई हलायची, आणि भिंगाचं तोंड किती उघडायचं ते कॅमेरा आपलं आपणच ठरवायचा. बॅटरी नाही, किल्ली नाही. उजेड फारच कमी असला तर बघायच्या काचेत एक लाल निशाण वर यायचं आणि बटण दाबलंच जायचं नाही.

“ह्याला अक्कल आहे, वहिनी,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला नसली तरी चालेल. तुम्ही फक्त बटण दाबायचं.”

सगळे हसले. त्या दिवसापासून त्या बटणवहिनी झाल्या. तेव्हा त्या स्वतःही हसल्या होत्या, आणि आपण हसलो ह्याचा राग त्यांना अजून येतो.

पहिला रोल चोवीस फोटोंचा. दादांनी धुतला आणि काही न बोलता वाळत घातला. लख्ख खिडकी, खिडकीचे गज स्पष्ट, बाहेरच्या झाडाची पानं मोजून घ्यावीत अशी, आणि समोर काळा गठ्ठा. गठ्ठ्याच्या मांडीत छोटा काळा गठ्ठा. एका बाईचा चेहरा दिसेल तर शपथ. मास्तरांनी ते फोटो पुढच्या खोलीत दोरीवर लावले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवले. “आमच्या वहिनींनी भुतांचं संमेलन भरवलंय.”

पण चोवीसातला एकोणिसावा चांगला आला होता. बाईचे पिंजारलेले केस, थकलेले डोळे, पोराची मिटलेली मूठ, सगळं त्यात होतं. फक्त डाव्या कोपऱ्यात एक जाडसर धुरकट डाग.

“तुझं बोट आलंय ह्यात,” दादा म्हणाले.

चुकून बोट आलेला फोटो चांगला, आणि नीट काढलेले तेवीस काळे. हे असं का, म्हणून वहिनी तीन दिवस डोकं धरून बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दादांना वरच्या खोलीच्या खिडकीत बसवलं, हातात बाळ म्हणून गुंडाळलेला टॉवेल दिला, आणि एक अख्खा रोल त्यांच्यावर उडवला. कड्यावर बोट न ठेवता, थोडं ठेवून, जास्त ठेवून. मग त्यांना कळलं. कॅमेरा दिपतो. उन्हात आलं की माणूस डोळे बारीक करतो तसा खिडकी बघितली की हा भिंगाचं तोंड आवळून घेतो, आणि खिडकीपुढच्या माणसाला उपाशी ठेवतो. त्याच्या डोळ्यांवर कुणीतरी हात धरायला हवा. ढगाळ दिवस असेल तर दाण्यांच्या दोन ओळी झाकायच्या. ऊन असेल तर जवळजवळ अर्धं कडं. त्याहून जास्त झाकलं की लाल निशाण, बटण बंद. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हे त्यांच्या डाव्या तर्जनीत होतं.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. एकोणीस वर्षं. फिनाइलचा वास, रंगाचे पोपडे उडालेल्या लोखंडी कॉट, कॉटच्या पायथ्याशी नंबराची पत्र्याची पट्टी. मोठ्या सिस्टर पुढे, वहिनी मागे. ज्या बाईला फोटो हवा तिला उशी देऊन बसती करायची. बाया बिचाऱ्या सांगायच्या, “बाई, बोट आलं हं तुमचं.”

“तुझ्या तोंडासाठीच धरलंय,” वहिनी म्हणायच्या. “तू पोराकडे बघ.”

बोट कड्यावर असलं की त्याचं टोक कधी ना कधी भिंगापुढे यायचंच. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक निगेटिव्हच्या डाव्या कोपऱ्यात तो डाग. दादा फोटो मोठा करताना चौकट अलगद सरकवून तेवढा कोपरा बाहेर ठेवायचे. गिऱ्हाइकाला स्वच्छ फोटो मिळायचा. नवऱ्यानं प्रेमानं आपली चूक झाकली असं वहिनींना तेव्हा वाटायचं. पुढे पुढे वाटायला लागलं, चूक कसली, ह्यांनी मलाच झाकलं.

कारण फोटो घ्यायला लोक यायचे ते पुढच्या खोलीत. तिथे मास्तर. पाकीट मास्तरांच्या हातून, शाबासकी मास्तरांना. “खिडकीतले फोटो काढावेत ते तुम्हीच,” असं कुणी म्हटलं की मास्तर मान किंचित झुकवायचे. एकदा एक बाई आली होती, सात नंबरच्या कॉटवरची. तिचं पोर दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. पहिल्या दिवशी काढलेला फोटो तेवढा होता. ती काउंटरवर मास्तरांचे दोन्ही हात धरून रडली, आणि मास्तरांनी हात धरू दिले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दादांना सांगितलं, “एकदा सांगा ना भाऊजींना.”

“जाऊ दे ग,” दादा म्हणाले. “घरातल्या घरात काय.”

दादा जाऊन आता आठ वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा होता हे वहिनी सगळ्यांना सांगतात आणि ते खरंही आहे. पण मेलेल्या माणसावरचा राग न्यायचा कुठे? जिवंत माणसाशी निदान भांडता येतं.

आणि भांडायला जिवंत माणूस खालच्या मजल्यावर होताच. वहिनी मटार तसेच टाकून जिना उतरल्या, मागोमाग पुतण्या. आता खाली पुतण्याचं जाहिरातींचं ऑफिस होतं आणि मागच्या खोलीत, जिथे डार्करूम होती तिथे, मास्तर आरामखुर्चीत बसून असायचे. त्यांची पंच्याहत्तरी उलटली होती, पण केसांचा भांग तलवारीसारखा.

“भाऊजी, हे काय छापलंय?”

मास्तरांनी कार्ड लांब धरून पाहिलं. “का? शुद्धलेखन चुकलंय?”

“तुम्ही काढलेत हे फोटो?”

“स्टुडिओ कुणाचा?”

“मी फोटो कुणी काढले विचारतेय.”

“वहिनी, असं बघा.” मास्तरांचा आवाज गिऱ्हाइकाला हनुवटी खाली घ्यायला सांगताना व्हायचा तसा झाला. “कॅमेरा ऑटोमॅटिक. उजेड तो मोजणार, भिंग तो उघडणार. माणसाचं त्यात काय? फोटो कॅमेऱ्यानं काढले, आणि कॅमेरा माझा. तुम्ही बटण दाबलंत, ते मी नाही म्हणतोय का? उद्या दाराची बेल वाजवणारा म्हणेल, घर मी बांधलं.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. वहिनी पुतण्याकडे वळल्या. “तुला तरी कळतंय का काही?”

पुतण्या तसा वाईट नव्हता, फक्त जाहिरातवाला होता. “काकू, लोक मास्तर म्हणून ओळखतात. त्या नावाला किंमत आहे. आणि तुमचे आभार मी भाषणात मानणारच आहे.” मग बोलायचं म्हणून बोलला, “निगेटिव्ह जपून ठेवलेत दादाकाकांनी, प्रत्येक पाकिटावर तारीख, कॉटचा नंबर. फक्त डाव्या कोपऱ्यात बुरशी आलीय सगळ्यांवर. ती मी कॉम्प्युटरवर पुसून काढतोय.”

“बुरशी?” वहिनींनी डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. “ही बुरशी. नीट बघ. पुसून दाखव.”

पुतण्या बोटाकडे पाहत राहिला. मास्तर म्हणाले, “वहिनींना पाणी दे रे.”

वहिनींनी पाणी घेतलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली. चाळीस फोटोंच्या खाली माझं नाव लिहा. मास्तरांचं काढू नका हवं तर, स्टुडिओ म्हणून राहू द्या, पण फोटो कुणी काढले तिथे माझं नाव. मास्तर म्हणाले, कार्ड छापून झालंय. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बीळ म्हणे ह्यांनीच खोदलंय.

चार दिवसांनी पुतण्या वर आला तो जपून, उंबऱ्याबाहेरच थांबून. प्रदर्शनाच्या दारात मास्तरांचा तीन फूट उंचीचा फोटो लावायचा होता. त्याच्या डोक्यात आलं होतं की तो त्याच जुन्या कॅमेऱ्यानं, त्याच खिडकीत काढावा. हॉस्पिटलवाल्यांना कल्पना आवडली होती, वर्तमानपत्रात छापूनही आली होती. बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा का, असं त्यानं मास्तरांना विचारलं, तर मास्तर म्हणाले होते, कशाला, बटण तर दाबायचंय, वहिनींना सांग.

पुतण्याला वाटलं, आता काकू ताट फेकून मारणार. काकूंनी हातातलं ताट कट्ट्यावर ठेवलं. “येते,” त्या म्हणाल्या. “फिल्म मात्र मीच धुणार.”

जुना वॉर्ड आता सामानाची खोली झाला होता. फायलींचे रॅक, मोडकी व्हीलचेअर, भिंतीवर कॉटच्या डोक्यांनी पडलेले घासल्याचे पट्टे. खिडकी तीच, बाहेरचं झाड मात्र तोडलेलं, त्यामुळे उजेड पूर्वीपेक्षा जास्त. मास्तर इस्त्रीच्या शर्टात सात नंबरच्या कॉटच्या जागी खुर्ची टाकून बसले. त्यांनी स्वतःच हनुवटी खाली घेतली. हसले नाहीत.

वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला. डावं बोट आपलं आपण उठून कड्यापाशी गेलं. त्यांनी ते परत खाली घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं. मग बटण दाबलं. फिल्म पुढे सरकवली. आता बोट कड्यावर आलं, अर्ध्या दाण्यांवर, जरा अधिकच, कारण झाड नव्हतं. पुन्हा बटण.

“दोनदा कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“एक कॅमेऱ्याचा,” वहिनी म्हणाल्या, “आणि एक माझा.”

मास्तर पुतण्याकडे बघून हसले. वय झालं की माणसं अशीच काहीबाही बोलतात, असं त्या हसण्यात होतं.

फिल्म त्यांनी घरीच धुतली, दादांच्याच डब्यात, बादलीतल्या पाण्याला हात लावून ऊब बघत. वाळल्यावर कात्री घेतली आणि त्या दोन फोटोंच्या मधोमध कापली. दादांनी हे पाहिलं असतं तर त्यांना घेरी आली असती. दादांच्या नियमात निगेटिव्हची पट्टी सहाची असायची, एकटं निगेटिव्ह कापणं म्हणजे पाप. वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, “घरातल्या घरात काय,” आणि पहिला तुकडा पुतण्याला देऊन दुसरा पर्समध्ये ठेवला.

दुपारी पुतण्यानं त्यांना खाली बोलावलं. मास्तर कॉम्प्युटरसमोर होते. पडद्यावर खिडकी होती, अप्रतिम आलेली. गज न् गज. काचेवरचा पाण्याचा जुना ओघळसुद्धा. आणि समोर खुर्चीत एक काळा गठ्ठा, दोन्ही कानांवरचे केस तेवढे चमकत होते.

“माझा चेहरा कुठाय?” मास्तर म्हणाले.

“कॅमेऱ्याला विचारा,” वहिनी म्हणाल्या. “मी फक्त बटण दाबलं.”

पुतण्यानं पडद्यावरची कळ सरकवत सरकवत उजेड वाढवला. खिडकी पांढरीफटक झाली, चेहरा मातकट झाला, त्यात नाक कुठलं आणि डोळा कुठला कळेना. निगेटिव्हवर त्या जागी काही उमटलंच नव्हतं. जे उमटलंच नाही ते कॉम्प्युटर आणणार कुठून?

“दुसरा काढला होता ना?”

“आहे की. पर्समध्ये आहे.”

“मग द्या.”

“तो माझा आहे, भाऊजी. त्यात तुमचा चेहरा आलाय. भांगसुद्धा आलाय. तो हवा असेल तर त्याच्या खाली माझं नाव लागेल, आणि आतल्या चाळीस फोटोंच्या खालीही.” त्यांनी पर्स छातीशी धरली. “एकोणीस वर्षं मी त्या कॅमेऱ्याचे डोळे झाकत उभी राहिले. ते पोर गेलेली सात नंबरवाली तुमचे हात धरून रडली, तुमचे! तुम्हाला तिच्या कॉटचा नंबर तरी माहीत होता का? मला अजून आठवतं, तिच्या उशीला खोळ नव्हती, मी माझा रुमाल घातला होता. आणि तुम्ही म्हणता, बटण!”

पुतण्यानं बापाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जाहिरात नव्हती. “बाबा,” तो म्हणाला, “काकू म्हणतात ते…”

“काळाच लाव,” मास्तर म्हणाले.

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. वहिनी जिना चढून वर आल्या, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडल्या. दुःखानं नव्हे, संतापानं. तोंड गेलं तरी चालेल, पण हिचं नाव नको! एवढं काय वाईट केलं होतं त्यांनी ह्या माणसाचं? ह्याची आजारपणं काढली, ह्याच्या पोराला खेळवलं, ह्याच्या थट्टेला पन्नास वर्षं हसल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मग सकाळी त्यांना वाटलं, का म्हणून नाही? फोटो माझे आहेत. चांगले कपडे घालून, पर्स काखेत मारून त्या दहाला पाच कमी असताना सभागृहात हजर.

दारातच तीन फुटी काळे मास्तर, खाली ठळक अक्षरात नाव. आणि त्याच्याच खाली खुर्चीत खरे मास्तर, स्वागताला. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर फोटोसमोर दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, “वा! काय सावली पकडलीय!” मास्तरांनी मान झुकवली. पण डॉक्टर एकटेच. बाकीचे येणारे साधे लोक होते, आपापल्या जन्माचा फोटो शोधत आलेले, आयांना सोबत घेऊन. ते थांबायचे, बघायचे आणि खुर्चीतल्या माणसालाच विचारायचे, “आजोबा, हे कोण हो?” पंधरावीस जणांनी विचारलं. एका पोरीनं फोटो खराब छापलाय म्हणून तक्रारही केली. मास्तरांचा भांग तसाच होता, पण मान हळूहळू ताठ होत गेली आणि शेवटी ते समोर बघेनासे झाले.

आत वहिनींनी पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या. चाळीसच्या चाळीस फोटोंत डाव्या कोपऱ्यात डाग होता. पुतण्यानं एकही पुसला नव्हता. फोटो कापलेही नव्हते, पूर्ण निगेटिव्ह काळ्या कडेसकट मोठं केलं होतं. नाव घालायची छाती झाली नव्हती त्याची, पण बोट तसंच ठेवलं होतं. तो एका खांबाआडून काकूंकडे बघत होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, हसल्या मात्र नाहीत. अर्ध्या शौर्याला हसायचं कशाला?

तेवढ्यात बाराव्या फोटोसमोरून एक बाई मागे वळली. साठीच्या आसपासची, हातात काठी. बराच वेळ ती त्या फोटोसमोर उभी होती. तिनं पुतण्याला विचारलं, “त्या बाई आल्या नाहीत का?”

“कोण बाई?”

“फोटोवाल्या हो. एक बोट असं धरायच्या.” तिनं काठी काखेत धरून डावी तर्जनी हवेत वाकवली. “मी म्हटलं, बाई, बोट आलं. तर म्हणाल्या, तुझ्या तोंडासाठीच धरलंय, तू पोराकडे बघ. म्हणून मी बघितलं हो पोराकडे. नाहीतर मी कॅमेऱ्याकडेच बघत बसले असते.” तिनं काठी पुन्हा जमिनीला टेकवली. “दुसऱ्या दिवशी बघायला राहिलाच नाही तो.”

दारापासून हे अंतर दहा पावलांचं. मास्तरांनी सगळं ऐकलं. ह्याच बाईनं एकदा आपले हात धरले होते हे त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. वहिनींना विचाराल तर नाही आठवलं. त्यांच्या मते मास्तरांना पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, येणाजाणारा ‘हे कोण’ म्हणून विचारतो ते सोसवेना, एवढंच. पण त्यांनी हात वर करून वहिनींना बोलावलं.

“वहिनी, तो दुसरा आणलाय का?”

“आणलाय,” वहिनी म्हणाल्या. पर्स त्यांनी उघडली नाही. “आधी नाव.”

मास्तरांनी पुतण्याला खूण केली. पुतण्या धावत जाऊन जाड काळा मार्कर आणि पांढरा पुठ्ठा घेऊन आला, एका स्टुलावर पुठ्ठा ठेवला, टोपण काढलं. आजूबाजूला लोक गोळा झाले, सात नंबरवालीही काठी टेकत आली. “हं, सांगा बाबा,” पुतण्या म्हणाला. “छायाचित्रं, पुढे?”

मास्तरांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

“वहिनी…” ते म्हणाले, आणि थांबले. पन्नास वर्षं त्यांनी वहिनी म्हटलं होतं, बटणवहिनी म्हटलं होतं. खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत एकदा वाचलं असेल. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाच्या हातातला मार्कर तसाच, कारण त्यालाही काकू एवढंच ठाऊक होतं. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले.

वहिनींना वाटलं, आता ओरडावं. ह्या सभागृहाचं छप्पर उडेल असं ओरडावं. त्यांनी ओरडायला श्वासही घेतला होता. मग त्यांनी पुतण्याच्या हातून मार्कर ओढून घेतला, डाव्या हातानं पुठ्ठा दाबून धरला, आणि आपलं नाव स्वतःच लिहिलं. इतकं मोठं लिहिलं की पुठ्ठ्यावर दुसऱ्या कुणाच्या नावाला जागा उरली नाही.